अक्कांनी वाचवलेली अनाथ मुलगी
वांगी भाजल्याचा वास आला, की मला हमखास एक ख्रिस्ती कादंबरी आठवते. धुळ्यात मैत्रिणीकडे आमचा वाचनगट जमला होता आणि मुलींसाठी लिहिलेली ती जुनी कादंबरी मी टिंगल करायलाच नेली होती. तिच्यातली अनाथ मुलगी उठल्यासुटल्या माफी मागायची. मामीने उपाशी कोंडलं, तरी मामीसाठीच प्रार्थना करायची. मी मोठ्याने वाचत होते आणि आम्ही हसून लोळत होतो. शेजारी मैत्रिणीच्या सासूबाई, अक्का, भरितासाठी भाजलेली वांगी सोलत बसल्या होत्या. गोष्टीतल्या मुलीला ताप चढला तशा त्या कडाडल्या, "हासतस काय? तिनी काय चूक शे? डाक्टरले बलाव ना!" मी पान उलटलं, तर मुलगी सर्वांना क्षमा करून देवाघरी निघालेली. "वाचनी का मंग ती?" अक्कांनी विचारलं. मी घाईघाईने पदरचा डॉक्टर आणला, मुलीला बरं केलं, वर मामीला तिचे पाय धरायला लावले. "आते बरं व्हयनं," म्हणत अक्कांनी पुढचं वांगं उचललं. अशा कादंबऱ्यांना मी अजूनही हसते. पण मोठ्याने वाचताना त्यातल्या एकाही मुलीला मी मरू दिलेलं नाही.