दुपारची कडी

तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि त्या काळात स्वतः नवीन असं काही शिकलो नाही. हे मला बासष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरात मीठ शोधताना कळलं.

बायकोचं दिवसकार्य उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले होते. फळीवर तिचे डबे रांगेनं उभे होते आणि प्रत्येकावर तिनं लाल रंगात कानडीतून नाव लिहिलं होतं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, शिक्षण कानडी शाळेत चौथीपर्यंत. पस्तीस वर्षं ती माझ्याशी मराठीत बोलली. मीच लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठणकावलं होतं, "घरात एकच भाषा पुरे." ती हसायची. म्हणायची, "एवढं गणित येतंय तुमाला, पण साधं मीठ घ्यायला मीच लागते की."

मला कानडी शिकायची होती ती मात्र मिठासाठी नव्हे.

शेवटच्या तीन दिवसांत तिची मराठी गेली. खाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर होती. भर दुपारी ती दाराकडे बोट करायची आणि तेच चार कानडी शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात अकरा वाजले की दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, ही आमच्याकडची रीतच. मला वाटलं, फटीतून झळा येतात म्हणून तिचा जीव कासावीस होतोय. मी कडी घातली, उंबऱ्याशी ओलं पोतं लावलं. ती परत तेच म्हणाली. मी वैतागून ओरडलो, "लावलंय की दार!" मग ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास ती गेली.

ते चार शब्द माझ्या कानात जसेच्या तसे राहिले. शेजारच्या मावशींना विचारलं असतं तर त्यांनी एका दमात अर्थ सांगितला असता. त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात, दोन्ही भाषा सारख्याच बोलतात. पण मला विचारायची भीती वाटत होती, हे कबूल करतो. वर मास्तरी खोडही होतीच. मागच्या पानावरचं उत्तर बघून सोडवलेलं गणित मी पोरांना कधी चालू दिलं नाही.

आणि रोज दुपारी दीड वाजता दाराची कडी वाजायला लागली. एकदाच, हलकेच. उघडून बघावं तर गल्लीत चिटपाखरू नाही, नुसतं पांढरं ऊन. वारा असेल, म्हणून मी परत कडी घालायचो. वारा नसायचा.

मी डब्यांवरून शिकायला लागलो. झाकण उघडायचं, आत काय आहे ते बघायचं, मग वरची अक्षरं जुन्या वहीत गिरवायची. उच्चार मावशींकडून घ्यायचा. उप्पू म्हणजे मीठ, अक्की म्हणजे तांदूळ, बेल्ला म्हणजे गूळ. मिठातला 'प' पुढे तुपाच्या, म्हणजे 'तुप्पा'च्या, डब्यावर भेटला, तेव्हा मी एकटाच मोठ्यांदा हसलो. एकदा एसटी स्टँडवर कर्नाटकच्या गाडीची पाटी मी अक्षर अक्षर जुळवत वाचत उभा होतो. कंडक्टरला वाटलं, प्रवासी आहे. तो "हत्रीऽ" म्हणाला आणि ते 'चढा' म्हणतोय हे मला आपोआप कळलं. त्या दिवशी मी स्टँडपासून घरापर्यंत चालत आलो, इतका आनंद झाला होता. बायको गेल्यावर आपल्याला असा आनंद होतो, याची लाजही वाटली.

वही भरत गेली, मावशींच्या बोलण्यातले शब्दही तीत आले. अव्वा म्हणजे आई. बंदाळ म्हणजे आली आहे. हे शब्द मीच लिहिले होते, पण उजळणी करताना त्यांच्यावर मी बोट थांबू देत नसे.

मग एका दुपारी दीड वाजता कडी वाजली. या वेळी जोरात. बाहेरून आवाज आला, "मास्तर, बागला तगीरी! चटणी आणलीया."

मावशीच होत्या. पण मी कडी काढली नाही. बागला तगी. दार उघड. वहीतले दोन शब्द आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसले. बागला तगी, अव्वा बंदाळ. बायकोचे तेच चार शब्द. दार उघड, आई आली आहे.

तिची आई आमच्या लग्नाआधीच वारली होती. मी तिला कधी पाहिलंही नाही. ती तीन दुपारी दाराबाहेर उन्हात उभी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. बायकोला ती दिसत होती आणि मी कडी घातली, पोतं लावलं, वर ओरडलो, एवढं ठाऊक आहे.

दार उघडलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "तोंड असं का पडलंय तुमचं?" मी चटणी घेतली.

तेव्हापासून मी दुपारी दार उघडं ठेवतो. झळा थेट खाटेपर्यंत येतात, गल्लीतले लोक मला वेड लागलं म्हणतात. दीड वाजला की मी उठून उंबऱ्याशी जातो आणि म्हणतो, "अव्वा, वळग बर्री." आत या. माझं कानडीतलं हे पहिलं अख्खं वाक्य. उच्चार ऐकून बायको पोट धरून हसली असती.

उघड्या दाराची कडी वाजत नाही. परवा राहवेना, म्हणून दार लावून, कडी घालून, आत बसून राहिलो. दीड वाजला, दोन वाजले. ती वाजली नाही. आत बोलावलेलं माणूस बाहेरून कडी कशाला वाजवेल? मग उठून दार उघडलं.