शेजारी लावलेली खुर्ची

"समोर बसलं की चौकशी होती, अण्णा. शेजारी बसलं की माणूस बोलतंय," असं म्हणत अक्का खुर्ची उचलायची आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून लावायची. मी तिच्याहून लहान, तरी तिचा अण्णाच. आमच्या कानडी मुलखातल्या जयनगरात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळेच अण्णा, म्हणून मी त्याचा गर्व कधी केला नाही.

अक्का आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. मूळची निपाणीकडची, इथल्या एका इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स. नवा पेशंट आला की डॉक्टरांच्या आधी त्याच्याजवळ बसून, बोलून, तो कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं, हे तिचं काम. ती सवय तिच्याबरोबर घरीही यायची. जिन्यात भेटली की आधी माझी नखं बघायची, मग डोळे, मग "झोप लागती न्हवं?" मी बायकोशी भांडून आलोय हेसुद्धा तिला कळायचं. "ते जिन्यात ऐकूच येतं," बायको म्हणायची.

तिच्या खिडकीशी दोन खुर्च्या होत्या, एकमेकींना लागून. एक तिची. दुसरीवर ती कुणाला बसू देत नसे. एकदा मी टेकायला गेलो तर म्हणाली, "तिथं नको. मोडकी हाय." खुर्ची चांगली भक्कम होती. हा माझ्या वजनाचा अपमान समजून मी रात्रीचा भात सोडला.

अशात माझ्या धाकट्या भावाची बायको आजारात गेली. मी त्याला येलहंक्याहून आमच्याकडे घेऊन आलो. तो बोलेना, जेवेना. कुणी काही विचारलं की उत्तर आम्हीच द्यायचो, "बरा आहे, थकलाय जरा." मग एका रविवारी तो एकदम हसतमुख झाला. दाढी केली. आपला कॅमेरा माझ्या मुलीला दिला आणि स्वतःचं लग्नातलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. आम्ही इतके खूश, की बायकोनं शिरा केला आणि मी घड्याळ मिरवत वाटी घेऊन खाली गेलो.

अक्कानं शिऱ्याकडे बघितलंच नाही.

"हे त्यानं दिलं?"

"प्रेमानं," मी म्हणालो.

"कुठाय तो?"

ती माझ्याआधी जिना चढली. आपले गुडघे दुखतात हे तिलाही आठवलं नसावं. भाऊ गॅलरीत होता. तिनं खुर्ची शेजारी लावली, समोरच्या नारळाकडे बघत बसली आणि चहात साखर किती, अशा आवाजात म्हणाली, "मरावं असं मनात येतंय का?"

"अक्का!" मी ओरडलो. "असलं त्याच्या डोक्यात कशाला घालताय?"

"ते आधीच हाय तिथं. तुम्ही स्वल्प आत जावा."

दाराआडून मी ऐकलं. भाऊ म्हणाला, "हो." आणि रडायला लागला. पहिल्यांदाच त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं.

तिनं त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही. शेजारी बसून रिक्षानं इस्पितळात नेलं. तो औषधं घेऊन घरी आल्यावर रोज संध्याकाळी ती वर यायची, शेजारी बसायची आणि तेच विचारायची. एखाद्या दिवशी तो म्हणायचा, "येतंय थोडं." मग ती उठायची नाही. एरवी, "आज नाही, अक्का."

"सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढं म्हणून ती जिना उतरायची.

यंदा अक्का गेली. झोपेतच. तिची भाची घर आवरायला आली तेव्हा भावानं फक्त त्या दोन खुर्च्या मागून घेतल्या. दुसरी तिच्या नवऱ्याची होती, हे त्यानं आम्हाला तेव्हा सांगितलं. नवऱ्यानं जीव दिला होता. त्याआधी आपली सायकल हौसेनं पुतण्याला देऊन टाकली होती. "वॉर्डात मी सगळ्यांना विचारत होते," ती भावाला म्हणाली होती. "घरात जीभ वळली न्हाई."

आता दोन्ही खुर्च्या आमच्या गॅलरीत आहेत. संध्याकाळी भाऊ एकीवर बसतो, मान दुसऱ्या खुर्चीकडे किंचित कलती ठेवून. घरातले आवाज आपोआप खाली येतात. अशी एखादी संध्याकाळ तुम्हीही कुणाच्या घरी पाहिली असेल. सगळ्यांना वाटतं, आता कुणीतरी विचारेल.

मी कितीदा तरी विचारायला गेलो आणि "भजी खाणार का?" विचारून परत आलो. भावापेक्षा माझंच वजन वाढलं.

परवा मात्र जाऊन त्या खुर्चीवर बसलो. मोडली नाही. नारळाकडे बघत विचारलं. शब्द माझ्या तोंडून आले, आवाज माझा नव्हता.

भाऊ वळला नाही. "आज नाही," म्हणाला. मग जरा थांबून, "अक्का."

"सरी," मी म्हणालो.