नाटकातलं लग्न आणि आमच्या सासूबाई

मुंबईत खावं कुठे आणि बघावं काय, हे त्या काळी नवघर गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे असं माझं मत होतं. गिरगावातली मुलगी, लग्न होऊन मिठागरवाल्यांच्या घरात आलेली. तळ्यावर धुणं घेऊन बसले की बायका विचारायच्या आणि मी सुटायचे. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलं असतात, बायकांसाठी पडदा लावलेली वेगळी खोली असते, हात धुवायला गुलाबपाणी देतात. नाटकगृहात खुर्चीवर बसलं की माणूस वीतभर आत जातो! बायका धुणं आपटायच्या थांबायच्या. मग मला आणखी चेव यायचा.

खरी गोष्ट अशी की हॉटेलात मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या चाळीखाली इराणी होता, आणि गॅलरीत उभं राहून वेटरच्या आरोळ्या ऐकून मला पदार्थ पाठ झाले होते. नाटकाचंही तेच. वडील एका नाटकगृहाच्या दारावर तिकिटं फाडायचे, पण घरातल्या बायकांनी नाटकं बघू नयेत असं त्यांचं ठाम मत. गुलाबपाणी मात्र संपूर्ण माझं स्वतःचं.

या थापा सहज पचल्या असत्या, पण आमच्या सासूबाईंनी त्या खऱ्या मानल्या. सासूबाई धवलारीण होत्या. आमच्याकडे भटजी मंत्र म्हणोत न म्हणोत, धवलारणीनं धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. गावदेवापासून खाडीपर्यंत सगळ्यांना गाण्यातून आवतण द्यायचं, हळद लावायची, नवरानवरीला सांभाळून बोहल्यावर आणायचं, हे सगळं तिचं काम. निम्म्या नवघराची लग्नं सासूबाईंच्या गळ्यातून लागलेली. पण माझ्या लग्नापर्यंत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी घरात आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "दिसाला कशी हायस गो?" मी म्हटलं, "गोरी आहे, नाक सरळ आहे." दिसणार थोडंच होतं!

पुढे एका लग्नात त्यांनी नवऱ्याची हळद नवऱ्याच्या मामाला लावली. दोन्ही गाल, कपाळ, अगदी निगुतीनं. मामा बिचारा गप्प उभा. मंडपात हशा झाला, आणि त्यानंतर लोकांनी चेणे गावची धवलारीण बोलवायला सुरुवात केली. शेजारी लग्न असलं की सासूबाई दार ओढून आत बसायच्या.

शेवटी मुंबईच्या इस्पितळात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दुसरा गेल्यातच जमा होता, आणि हाही सुधारेल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. सासूबाईंनी अट घातली. "आदी तुजी मुंबय दाखव. मंग डोला ऱ्हवो नाय तं जावो." मी तरी म्हटलं, "हात्तिच्या, त्यात काय!"

ग्रँट रोडला उतरून मी त्यांना एका इराण्याकडे नेलं. टेबलं संगमरवरी निघाली, पडद्याची खोलीही निघाली. देव पाठीशी आहे असं वाटलं. मी गॅलरीतल्या आरोळ्या आठवून वेटरच्या थाटात चहा-पाव-खिम्याची ऑर्डर दिली, "एक पानी कम, एक खिमा, दो ब्रून मस्का!" वेटर माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाईंनी हात पुढे केला. "गुलाबपानी?" मी पेल्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. त्यांनी वास घेतला. "याला तं नलाचा वास येतंय."

"इथले गुलाब तसलेच असतात," मी म्हटलं. माझी मलाच लाज वाटली. त्यांनी पाव चहात बुडवून खाल्ला, बरा आहे म्हणाल्या आणि हात पदराला पुसले.

नाटकाला वडिलांनी नाइलाजानं आत सोडलं. व्याह्यांच्या घरची मंडळी, नाही कसं म्हणणार? त्यांनी आम्हाला बायकांच्या बाजूला पुढेच बसवलं. खुर्ची लाकडी होती आणि माणूस तसूभरही आत जात नव्हता. मी कानाशी लागून सगळं सांगत होते, हा राजा, ही राणी, हा बाग. खरं तर मीच पहिल्यांदा बघत होते, त्यामुळे दोनदा प्रधानाला राजा म्हटलं.

तिसऱ्या अंकात लग्न आलं. अंतरपाट धरला, भटजीनं मंगलाष्टकं सुरू केली. सासूबाई चुळबुळ करू लागल्या. "गो, धवलारीन कुटं हाय?"

"आई, नाटक आहे हो हे."

"आसंल. पन पोर तं उभी हाय ना?"

आणि मी पदर धरायच्या आत त्या उठल्या आणि धवला सुरू केला! काय तो आवाज! मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. मागून कुणी शीळ घातली, कुणी "बसा खाली" ओरडलं. स्टेजवरचा भटजी मंत्र विसरला. अंतरपाट धरणारे दोघं एकमेकांकडे बघू लागले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात वडील बॅटरी घेऊन धावत आले. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढणं हेच त्यांचं काम. बॅटरीच्या उजेडात त्यांनी बघितलं तर साक्षात विहीणबाई! मुलीच्या सासूला हाताला धरून बाहेर काढणार कोण? वडिलांनी बॅटरी विझवली, हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

भटजीच्या पात्रानं धीर करून विचारलं, "आजीबाई, झालं का?"

"नाय झाला," सासूबाई म्हणाल्या आणि गात राहिल्या. आधी लोक हसले. मग हळूहळू गप्प झाले. गावदेव, खाडी, मीठ, सगळ्यांना आवतण देऊन झालं तेव्हाच त्या थांबल्या. "आता लावा," म्हणाल्या आणि बसल्या. टाळ्या पडल्या, पण मी पदरात तोंड खुपसून होते. अंक संपताच मॅनेजरांनी आम्हाला फार गोड बोलून बाहेर पोचवलं.

परतीच्या गाडीत मी फणफणत होते. "आई, माझी अब्रू गेली! तुम्हाला कळत होतं ना खोटं लग्न आहे ते?"

"कलत व्हता." त्या म्हणाल्या. "डोला गेला तं आंधलीला कोन आवतन देनार गो? मना वाटला, ह्यो शेवटचा गाऊन घ्यावा. नवरी कशी व्हती? मना नुसता पिवला पिवला दिसला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "छान होती," मी म्हटलं, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. बरं झालं, यांना दिसत नाही, असं मनात म्हणून मी त्या तशाच वाहू दिल्या.

ऑपरेशन झालं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्या कितीतरी दिवस निश्चल पडून होत्या, आणि मी उशाशी बसून बोलत होते. मुंबईबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढे जाड भिंगाचा चष्मा मिळाला. पण दिसतं किती, हे त्या कुणाला सांगेनात.

मग शेजारच्या घरचं लग्न निघालं आणि चष्मा आल्याचं ऐकून, नारळ घेऊन सासूबाईंना धवल्यांचं आवतण द्यायला माणसं आमच्या दारात आली. हळदीच्या दिवशी मंडपात सगळे श्वास रोखून होते. नवरा पाटावर बसलेला, आणि मामा खबरदारी म्हणून लांब खांबाआड. सासूबाई गात गात पुढे आल्या, चष्मा सारखा केला आणि बोटं नेमकी नवऱ्याच्या गालावर टेकवली. मग बायकांच्या घोळक्यात वळल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि चांगलं न्याहाळलं.

"गोरी नाय," त्या म्हणाल्या. "नाक पन सरल नाय."

सगळा मंडप हसला. त्यांनी उरलेली हळद माझ्या गालाला लावली आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हाव दे. तुना बगाला एक डोला पुरं हाय."

मी रडायला लागले. या खेपेला ते त्यांना दिसलं.