बाबांच्या बोटाखालचा सांधा

आमच्या कळमनुरीच्या घरातलं बाथरूम वापरून आलेले पाहुणे काही बोलत नसत, पण मला ते ऐकू येई. भिंतीवरच्या टाइल्समधले सांधे काळेकुट्ट झाले होते. मी शिक्षक, वर्गात स्वच्छतेवर तास घेणार आणि घरी ही तऱ्हा. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे डाग निघावेत म्हणून दर रविवारी मीच ॲसिड ओतून घासायचो. डाग निघाले की मोठा पराक्रम गाजवल्यासारखा चहा मागायचो.

यंदा सगळं फोडून नवंच करायचं ठरवलं. नांदेडला जाऊन बायकोनं आणि मी मोठ्या, गुळगुळीत टाइल्स पसंत केल्या. टाइल मोठी म्हणजे सांधे कमी. बाबांना विचारलं, म्हणजे विचारल्यासारखं केलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली.

"मला काय दिसून राहिलं? तुमाला बरं वाटंल तसं करा," ते म्हणाले. मी लगेच मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री वयस्कर, तोलून बोलणारे. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवून पाहिली.

"सर, एकबी पोकळ न्हाई. टाइल्स बराबर हायत, जॉइंट तेवढे गेले. ॲसिड टाकता ना तुमी? त्यानंच खाल्ले."

मी खर्च विचारला.

"फोडून नवं करायचं तर चाळीस-पंचेचाळीस हजार धरा, मलबा उचलायचा वेगळा. जॉइंट खरडून भरले तर आठात होते."

"एकदाच काय ते होऊन जाऊ द्या," मी म्हटलं. आठ हजारांत काम भागतंय हे कळूनही मला नवंच हवं होतं. हौस होती, दुसरं काही नाही.

मिस्त्री मान हलवून उठले आणि मध्येच थांबले. "सर, ही एवढी एकच लाइन काहून साफ हाय?"

दारापासून कमरेच्या उंचीवर एक आडवा सांधा नळाच्याही पुढं गेला होता. बाकी सगळे काळे आणि हा तेवढा स्वच्छ. इतकी वर्षं भिंत घासूनही माझ्या तो लक्षात आला नव्हता.

"ती माझी वाट हाय," बाबा म्हणाले. ते कधीचे दाराशी येऊन उभे होते. त्यांनी चाचपत त्या सांध्यात बोट घातलं. माझ्या ॲसिडनं केलेल्या खाचेत ते बरोबर बसत होतं. मग भिंतीच्या कडेनं चालत त्यांनी दाखवलं, चौथा उभा सांधा लागला की नळ, सहावा लागला की टॉवेलची खुंटी. घरात बाकी कुठंही जायचं तर त्यांना कुणाचा तरी हात लागतो. अंघोळ तेवढी ते आपली आपण करत होते.

"मग आधी का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. चूक माझी असली की तो हमखास चढतो.

"तुमी दोघं एवढ्या हौसेनं टाइल्स पाहून आलते."

बायकोनंच नांदेडला फोन करून टाइल्स नको म्हणून कळवलं.

मिस्त्रींनी सांधे खरडून नवा मसाला भरला. बाबांची ओळ तेवढी जरा खोल ठेवली आणि त्यांचं बोट धरून दोनदा फिरवून पाहिलं. काम वाळेपर्यंत चार दिवस मी बाबांना अंगणात अंघोळ घातली. पंचा गुंडाळून ते पाटावर बसायचे, मान खाली. मी साबण लावला की त्यांची पाठ आखडायची. मी उगाच शाळेतल्या गमती सांगत राहायचो आणि ते नुसतं हूं म्हणायचे. त्यांना किती लाज वाटतेय हे मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी पंचा खांद्यावर टाकून ते निघाले. बाथरूमच्या दारापर्यंत मी हात धरला होता, तिथं त्यांनी तो हळूच सोडवला आणि आत गेले. कडी लावू नका, मी इथंच उभा आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कडी लागली. मी तिथून निघून आलो.