दुर्बिणीनंतरचे आठ दिवस

दुखणं एकाचं असतं, पण किस्से भेटायला येणारे देऊन जातात. माझ्याकडे एका आठवड्यात एवढे साठले की विचारू नका!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईत माझी कोलोनोस्कोपी झाली. डॉक्टरांनी आतड्याचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी. कॅन्सर आहे की नाही, ते तेव्हाच कळणार. तोवर मी मुंबईबाहेर, खांदा कॉलनीतल्या घरी मऊ भात खात आणि पोटातला गॅस सांभाळत पडून होतो.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे गोरे. चहा घेता घेता म्हणाले, "दुर्बीण नेमकी कुठून घालतात हो?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "शी शी! चहाच्या वेळी कसलं बोलता!"

विचारलं कोणी होतं?

आमचे दूधवाले म्हात्रे जवळच्या कोन गावाहून यायचे. दारातूनच ओरडले, "सायेब, घाबराचा नाय! माज्या मेवन्याला पन डाक्टरनी असाच सांगितला व्हता."

मला धीर आला. "आता कसे आहेत ते?"

"तो गेला. पन तुमी घाबराचा नाय!"

त्या दिवशी मी दूध प्यायलो नाही.

शनिवारी ऑफिसातले सात जण आले. एवढ्या लांब, माझ्यासाठी! माझे डोळे भरून आले. मग पाहतो तर प्रत्येकाच्या पाठीवर सॅक, हातात डबे. खाली जीप उभी. आमचा साळवी म्हणाला, "कर्नाळ्याला चाललोय. म्हटलं, वाटेत तुलाही बघून होईल."

म्हणजे मी कर्नाळ्याच्या वाटेवरचा चहाचा स्टॉप! चहा मात्र बायकोनं सातही जणांना दिला. वर त्यांनी आमची पाण्याची बाटली भरून नेली, ती अजून परत आलेली नाही.

या साळवीबद्दल सांगायला हवं. सेक्शनमधले वाढदिवस, निरोप समारंभ, शोकसभा, सगळं त्याच्याकडे. गायकवाड वारला तेव्हा त्याचा एकही धड फोटो सापडेना. शेवटी सहलीच्या ग्रुप फोटोतून त्याला कापून काढला आणि फ्रेम केला. शोकसभाभर गायकवाडच्या खांद्यावर साळवीचाच हात! लोक रुमालात हसत होते. साळवीनं ते फार मनाला लावून घेतलं होतं.

तर त्या शनिवारी निघताना साळवीनं कॅमेरा काढला. "टिपणीस, जरा उठून बस. शर्ट बदल. मान सरळ."

बायको कौतुकानं माझ्या शेजारी येऊन बसली.

"वहिनी, तुम्ही जरा बाजूला व्हा. एकट्याचाच हवाय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. ते लोक जाईपर्यंत बाहेर आली नाही. फोटो काढून झाल्यावर मीही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. इतका राग मला त्या डॉक्टरचाही आला नव्हता.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! साधी सूज. बायकोनं रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि घळाघळा रडली. मीही रडलो, लपवायचं कशाला?

सोमवारी ऑफिसला गेलो. साहेबांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, "काहीच नव्हतं, तर एवढी रजा कशाला घेतलीत?"

जागेवर येऊन बसतोय तोच साळवी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं. आत मी. मान सरळ, इस्त्रीचा शर्ट, चांगली मोठी फ्रेम.

"घरी घेऊन जा," साळवी म्हणाला. "फोटो झकास आलाय."

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. गायकवाडच्या फोटोशेजारी एक नवा कोरा खिळा होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"तो राहू दे," साळवी म्हणाला. "पुन्हा कोण ठोकत बसणार!"