पायलट मामा आणि ते आठ दिवस

पेशंटला काय झालंय, हे मामा कधीच आधी विचारत नसत. गाडी दारात लावून खाली उतरले की पहिला सवाल, "नाव काय?" नातेवाईक बिचारे छाती, घाम, उलटी सगळं एका दमात सांगायला लागायचे आणि हे आपले हात वर करून म्हणायचे, "ते मॅडमला सांगा. मला आदी नाव सांगा." नाव कळल्याशिवाय स्ट्रेचरला हात लावत नसत. मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. इथं एकेक मिनिट महत्त्वाचं आणि यांचं बारसं चाललंय!

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन नुकतीच सोलापुरात रुग्णवाहिकेवर लागले होते. आमच्याकडं चालकाला पायलट म्हणतात. कागदावर ते पायलट, बाकी शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे मामा. गाव मैंदर्गी. अंगानं हडकुळे, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा.

नाव विचारण्याचं कारण मला आठवडाभरातच कळलं. गाडी चालवता चालवता मामा मधल्या खिडकीतून मागच्या माणसाशी बोलत राहायचे. "मल्लव्वा, अंजबॅडव्वा, बंतु बंतु." भिऊ नको बाई, आलंच. कन्नड त्यांच्या घरचीच. मुसलमान म्हातारी असली की "डरो नक्को अम्मा", आणि तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली असली की "भयपडकम्मा". तेलुगूत त्यांना एवढंच येत होतं. एकदा एका आजींनी खूश होऊन तेलुगूत आपली सगळी कहाणी सुरू केली, तर मामा शिविल, म्हणजे सरकारी दवाखाना, येईपर्यंत नुसतं "भयपडकम्मा, भयपडकम्मा" करत राहिले. आजींचं पोट दुखत होतं तरी त्या हसायला लागल्या.

पण त्यांची खरी विद्या म्हणजे स्पीडब्रेकर. आमच्या हद्दीतला एकूण एक त्यांना पाठ होता आणि प्रत्येकाला नाव होतं. वैराग रस्त्यावरचा सरपंचाचा, शाळेपुढचा मास्तरांचा आणि अक्कलकोटकडं जाताना वळणावरचा सासूचा. "कवा टोमणा बसंल सांगता येत न्हाय," असं ते म्हणायचे. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी पुढून आरोळी यायची, "धरा!" मी सुई बाजूला घ्यायची, नातेवाइकानं सलाइनची बाटली धरायची, आणि गाडी अशी अलगद पार व्हायची की बस्स. तीन वर्षांत ती आरोळी एकदाही चुकली नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, जरा जोरात घ्या की." तर म्हणाले, "लवकर पोचायची घाई मलाबी हाय. पन पेशंट धड पोचला पायजे की."

मग तो दिवस आला. वैरागकडून साप चावलेल्या एका बाईंना आणत होतो. शेळ्या राखणारी बाई, हात सुजून टम्म. मी शिरेत सुई घालतेय आणि आरोळी न येताच गाडी दाणकन उडाली. सुई निसटली, रक्त आलं, बाईंचं डोकं दांडीवर आपटलं. "मामा!" मी ओरडले.

"नवा केलाय वाटतं," पुढून आवाज आला.

मी मागच्या काचेतून बघितलं. सरपंचाचाच होता.

बाई वाचल्या, देवाची कृपा. पण मला त्याच संध्याकाळी सगळं उमगलं. मामा हल्ली स्टिअरिंगवर ओणवे होऊन चालवायचे. बाजूनं येणारं माणूस त्यांना दचकवायचं. चहाचा ग्लास चाचपून उचलायचे. मी डॉक्टर, मला हे सांगायला कुणी लागत नव्हतं. आणि तरी मी गप्प बसले.

का, तर मामा होते म्हणून. गाडी सुटली तर हा माणूस घरात बसून काय करणार, या विचारानं मला कसंतरी व्हायचं. जाताना मी पुढं बसायला लागले. "मामा, डावीकडून सायकल." "मामा, म्हैस." येताना मात्र मी मागं पेशंटजवळ, मग पुढं कोण बघणार? हा विचार मनात आला की मी तो झटकून टाकायची. नवव्या दिवशी भर दुपारी सात रस्त्याला एक म्हातारा पेरूची हातगाडी ढकलत आडवा आला. मला मागून मधल्या खिडकीतूनसुद्धा दिसत होता, मामांना दिसला नाही. शेवटच्या क्षणी ब्रेक लागला. हातगाडी उलटली, रस्ताभर पेरू, म्हातारा जागच्या जागी लटलट कापत उभा. गाडीत मागं अडलेली बाळंतीण होती.

तिला शिविलला सोडलं. बाहेर टपरीवर मी म्हटलं, "मामा, तुम्हाला दिसत नाही."

"उनाची तिरीप व्हती वो."

"समोरची पाटी वाचा."

त्यांनी पाटीकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऑफिसात तुम्ही सांगता, का मी सांगू?"

 मामांनी खिशातली किल्ली काढून माझ्या ग्लासाशेजारी ठेवली. "मीच सांगतो. तुमच्या तोंडून नगं." आणि तसेच चालत ऑफिसात गेले.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टर म्हणाले.

चार महिन्यांनी मी मैंदर्गीला गेले. वाटभर माफीचे शब्द जुळवत होते. मामा पत्र्याच्या सावलीत बसले होते, मामी डोळ्यांत थेंब घालत होत्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "या या मॅडम! अगं, भाकरी टाक, शेंगाची चटणी काढ."  मी म्हटलं, "मामा, माफ करा. माझ्यामुळं तुमची गाडी सुटली."

"त्याची माफी कशापायी? ते बराबरच केलं की." मग म्हणाले, "तुमाला कळलं कवा?"

"वैरागच्या बाईंना आणलं, त्या दिवशी."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी आठ दिस."

"हो."

"त्या आठ दिसांत मागं कोन कोन झोपलं व्हतं?"

 मामा माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. "मी तर लबाडच, मॅडम. गाडी जाईल म्हनून भ्यालो, समद्यांस्नी फसवलं. पन तुमी डॉक्टर. मागच्या मानसापरीस मी जवळचा झालो व्हय तुमाला?"

मामींनी ताट पुढं सरकवलं. मी खाली मान घालून भाकरी मोडत बसले आणि रडत होते. झाला होतात मामा, खरंच झाला होतात. हे त्यांना सांगायचा धीर काही मला झाला नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.