रजेवरची जागा

तिला सगळे बदलीबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोरं होईनाशी झाली, शाळांचे वर्ग ओस पडायला लागले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. पहिल्या बाळाला भत्ता, दुसऱ्याला दुप्पट, आईला वर्षभर पगारी रजा आणि परतल्यावर तीच जागा. भिंतीभिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं लागली. चांगलंच झालं, नाही कोण म्हणतो? पण आई वर्षभर घरी बसली तर तिचं काम काय भुतं येऊन करणार? ते बदलीबाई करायची.

चौदा वर्षं ती हेच करत आली होती. कधी टपाल कचेरीत, कधी ग्रंथालयात, कधी दाताच्या दवाखान्यात. नव्या जागी गेली की पहिल्या दिवशी एका कागदावर टेबलाचं चित्र काढून ठेवायची. फोटो कुठे, पेनं कुठल्या बाजूला, खुर्ची किती उंच. वर्ष सरलं की सगळं होतं तसं लावून द्यायची. "भाड्याच्या घरात खिळे ठोकू नयेत," म्हणायची.

आता गंमत बघा. रजा मिळायची ती कायम नोकरीतल्या बायकांना. हिचं पोट भरलं दुसऱ्यांच्या बाळंतपणांवर, पण हिला मूल झालं असतं तर एका दिवसाचीही रजा नव्हती. एक माणूस होता, बरा होता. "तू कायम झालीस की बघू," म्हणाला, आणि बघता बघता दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. आता हिला बेचाळीस पूर्ण. संध्याकाळी खोलीवर रेडिओ लावायची आणि बातम्या देणाऱ्याला उत्तरं द्यायची. हसू नका, चौदा वर्षं एकट्याने काढलीत तर तुम्हीही द्याल.

यंदाची जागा होती नळाचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. माणसं तीनच. एक साहेब, एक बाटल्या धुणारे मामा आणि ही. भागाभागांतून बाटल्या यायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. काचेच्या उभ्या नळीतलं औषध तोटीने थेंबथेंब सोडायचं, खालचं लालसर पाणी निळं झालं की थांबायचं. एक थेंब जास्त गेला की सगळं पहिल्यापासून. हिचा हात असा बसला की साहेब दुसऱ्यांदा तपासायचेच बंद झाले.

"आयत्या बिळावर नागोबा," मामा चिडवायचे.

"नागोबाला निदान बीळ तरी मिळतं, मामा."

इथे मात्र तिने चित्र काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी विसरली, दुसऱ्या दिवशी आठवलं तरी काढलं नाही. तिसऱ्या महिन्यात खुर्ची आपल्या उंचीला करून घेतली. तिला ही जागा हवी होती. कुणाला सांगितलं नाही, पण हवी होती, अगदी जिवापासून.

आणि दहाव्या महिन्यात साहेबांनीच विषय काढला. "ती रजेवाली काही कळवत नाही हो. येते म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हा फॉर्म घ्या आणि तिच्या घरी जाऊन सही आणा. येणार नसेल तर तुमचं नाव मी वर पाठवलंच समजा."

खरं तर हे मामांचं काम. पण मामांचे गुडघे दुखत होते आणि रजेवाली पाचव्या मजल्यावर राहत होती, बिनलिफ्टच्या.

दार उघडलं ते कडेवर पोर घेतलेल्या एका मुलीने. मुलगीच ती, जेमतेम तिशीची. केस विंचरलेले नव्हते, खांद्यावर दुधाचा डाग वाळलेला. बदलीबाईने नाव सांगितलं, तशी तिने हात धरून आत ओढलंच.

"बसा ताई, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. दहा दिवसांत ह्यांच्याशिवाय कुणाशी बोलले नाहीये मी."

मग ती जी बोलत सुटली! नवरा पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. आख्ख्या इमारतीत मूल म्हणजे हे एवढंच. बाकीच्या घरांत म्हातारी माणसं, पोर रडलं की भिंतीवर ठोकतात. बागेतले झोपाळे गंजलेत, आणायचं तरी कुठे याला? बोलता बोलता तिने पोराला बदलीबाईच्या मांडीवर दिलं. ते जड, कोमट पोर तिच्या बांगडीशी खेळत बसलं आणि हिचा चहा तसाच निवला.

फॉर्म निघाला तशी रजेवालीने तो पुढे ओढून घेतला. दोन चौकोन होते, येणार आणि येणार नाही.

"खरं सांगू? मला भीती वाटते," ती म्हणाली. "सगळं विसरले मी. परवा साखरेच्या डब्यात मीठ ओतलं, मी काय पाणी तपासणार! मागे फोनवर साहेब म्हणाले, तुमचा हात फार चांगला आहे. तुम्ही इतक्या जणींच्या जागी बसलात, तुम्हाला कळतं यातलं. तुम्हीच सांगा, येऊ की नको?"

कळत होतं की! परतलेल्या बायका ती दरवर्षी बघत होती. पहिला आठवडा हात थरथरतात, दुसऱ्यात बसतात. न परतलेलीही एक भेटली होती तिला, ग्रंथालयात, रोज दुपारी यायची, पुस्तक न घेता.

"बाळ लहान आहे," बदलीबाई म्हणाली. "कशाला घाई करता? राहा घरी."

रजेवालीने मान हलवली. 'येणार नाही'वर खूण केली, सही केली, कागद नीट घडी करून दिला. "मग अधूनमधून याल ना ताई? दुपारी कुणीच नसतं."

बदलीबाई जिना उतरायला लागली. कागद पिशवीत होता. म्हणजे खुर्ची पिशवीत, कायमची नोकरी पिशवीत. तिसऱ्या मजल्यावर आली तरी वरचं दार लागल्याचा आवाज येईना. तिने वर बघितलं. कठड्याशी ती मुलगी पोराचा हात हातात धरून हलवत होती, आणि पाहुणी दिसेनाशी होईपर्यंत तशीच हलवत राहणार होती. हे उभं राहणं बदलीबाईला चांगलं ठाऊक होतं.

स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडून ती परत दोन मजले चढली.

"मी खोटं बोलले," धापा टाकत ती म्हणाली. "तुमची जागा मला हवी होती म्हणून बोलले. तुम्ही या. दोन आठवड्यांत हात बसतो, मी शिकवते. फॉर्मवर चहा सांडला म्हणून सांगेन, दुसरा आणेन."

रजेवालीने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आणि मध्ये सापडलेलं पोरही रडलं.

दोन महिन्यांनी रजेवाली कामावर आली. पोराला पाळणाघरात जागा मिळाली होती. तिथे जागांना काय तोटा, निम्मी पाळणाघरं रिकामीच. शेवटचे चार दिवस बदलीबाईने तिला शेजारी उभं करून थेंब सोडायला लावले. चौथ्या दिवशी पाणी निळं झालं आणि तोटी वेळेवर बंद झाली. मग बदलीबाईने खुर्ची अंदाजानेच खाली केली, चित्र नव्हतं ना.

निघताना साहेबांना भरून आलं. "बाई, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला घेणार नाही, तुम्हालाच बोलावणार. काय हो, बोलावू ना?" हे त्यांनी रजेवालीकडे बघून विचारलं.

"कसली पुढची वेळ, साहेब!" ती हसली. "एकात हौस फिटली. आता दुसरं नाही."

साहेब हसले, मामाही हसले. बदलीबाईसुद्धा हसली. मग पिशवी उचलून रस्त्याला लागल्यावर तिने एकेक जागा आठवून बघितली. चौदा वर्षांत पुन्हा बोलावण्याचं वचन तिला प्रत्येक ठिकाणी मिळालं होतं, आणि एकाही ठिकाणाहून दुसऱ्यांदा बोलावणं आलं नव्हतं.